‘फुकट’ मिळणाऱ्या खेळाडूची किंमत : इंडियन सुपर लीगच्या क्लबमालकांना खुले पत्र

प्रति,
इंडियन सुपर लीगमधील क्लबांचे मालक व संचालक यांस,



कारकिर्दीच्या उतरणीला लागलेला एखादा नामांकित परदेशी खेळाडू करारातून मोकळा झाला, की त्याला विनाशुल्क आपल्याकडे आणण्याची कल्पना क्लबांच्या कार्यालयांत मूळ धरते, आणि हंगाम संपवून तो मायदेशी परतला की त्याच्यासाठी पैसे जास्त मोजले गेले का, हा प्रश्न प्रेक्षकांत आणि क्रीडापानांत काही दिवस चर्चिला जाऊन विरून जातो. हा प्रश्न आपल्याकडे दरवेळी अर्धवटच विचारला जातो, कारण खेळाडूचे वय आणि त्याने केलेले गोल या दोनच गोष्टी ताजव्यात टाकल्या जातात, आणि तो आला तेव्हा संघाला त्याची गरज होती का, त्याला संघात मुरायला किती वेळ मिळाला व त्याच्या जागी कोण खेळू शकले असते, याचा विचार हिशेबाबाहेर राहतो. पुणे, मुंबई आणि गोवा या तीन ठिकाणच्या क्लबांचा अनुभव समोर ठेवून हा हिशेब पुन्हा मांडण्याचा प्रयत्न या पत्रात केला आहे. २००४ साली आणि २०१४ साली फुटबॉल पाहणारा मराठी प्रेक्षक वेगळा होता, आणि लीगच्या पहिल्या हंगामापासून तिकीट काढून स्टेडियममध्ये बसणाऱ्या या नव्या प्रेक्षकाला उत्तर मिळण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आधी संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या खेळाडूचा आधीच्या क्लबशी असलेला करार संपला आहे आणि ज्याला घेताना नव्या क्लबला जुन्या क्लबास हस्तांतरण शुल्क, म्हणजे खेळाडू सोडून देण्याबद्दलचा मोबदला, द्यावा लागत नाही, त्याला मुक्त खेळाडू म्हणतात. ही मुभा आज स्वाभाविक वाटत असली तरी ती फार जुनी नाही. करार संपल्यावरही आपला क्लब आपल्याला अडवून ठेवतो, अशी तक्रार घेऊन बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मान युरोपीय न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला, तेव्हापासून युरोपात मुक्त खेळाडूंची खरी बाजारपेठ उभी राहिली. या बाजारपेठेचा परिणाम असा झाला, की हस्तांतरण शुल्कात वाचलेली रक्कम बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेने खर्च होते. करारावर सही करताना द्यावयाचा सही-बोनस, मध्यस्थ एजंटाचे शुल्क आणि चढे मानधन या तिन्हींत ती विभागली जाते. शिवाय तरुण खेळाडूवर खर्च केलेले शुल्क पुढे त्याला विकून परत मिळण्याची शक्यता असते, तर सदतिशीच्या खेळाडूच्या बाबतीत ती शक्यता शून्य असते. त्यामुळे ‘विनाशुल्क’ हा शब्द ताळेबंदाच्या केवळ एका ओळीपुरता खरा असतो.

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा या व्यवहाराला आणखी एक पदर होता. प्रत्येक क्लबने एक ‘मार्की’ खेळाडू, म्हणजे ज्याच्या नावावर गर्दी खेचता येईल असा जगप्रसिद्ध खेळाडू, घ्यावा अशी सक्ती होती आणि त्याचे मानधन क्लबच्या एकूण वेतनमर्यादेत धरले जात नव्हते. ही सक्ती २०१७-१८च्या हंगामापासून उठली. पहिल्या तीन हंगामांचे मूल्यमापन करताना ही बाब विसरणे क्लबांवर अन्यायकारक ठरेल, कारण मोठे नाव घ्यायचे की नाही हे त्यांच्या हातात नव्हते. कोणते नाव घ्यायचे आणि त्याच्याभोवती कसा संघ बांधायचा, एवढेच त्यांच्या हातात होते.

नेमक्या याच बाबतीत पुण्याचा अनुभव बोलका आहे. एफसी पुणे सिटीने पहिल्या हंगामात फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे आणला. युरो २००० स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध जादा वेळेत निर्णायक सुवर्णगोल करणारा आणि युव्हेंटसमध्ये दहा वर्षे गोलांचा रतीब घालणारा हा आघाडीपटू बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळणार, या बातमीचे अप्रूप पुणेकरांना वाटले यात नवल नव्हते. त्या हंगामातच त्याने सदतिसावे वर्ष पूर्ण केले आणि नऊ सामन्यांत दोन गोल करून तो परतला. दोन गोलांचा हा आकडा त्याच्या कुवतीचा पुरावा मानणे चूक आहे. त्रेझेगेचा सारा खेळ पेनल्टी क्षेत्राच्या आत होता. चेंडू पायाशी घेऊन प्रतिस्पर्ध्यांना चकवत जाणे हे त्याचे काम कधीच नव्हते, तर बगलेतून आलेला चेंडू बचावपटूच्या अर्धे पाऊल आधी गाठून एकाच स्पर्शात जाळ्यात धाडणे हे त्याचे कसब होते. अशा आघाडीपटूला दोन गोष्टी लागतात : नेमक्या क्षणी चेंडू आत टाकणारे बगलेचे खेळाडू, आणि तो कोणत्या क्षणी कुठे धावणार हे न पाहताही ओळखणारे सहकारी. पहिली गोष्ट पैशाने मिळते, पण दुसरीला एकत्र सरावाचे महिने लागतात. आणि पहिला हंगाम तर १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपला होता. आठ संघ, प्रत्येकाचे साखळीतले चौदा सामने आणि त्यानंतर बाद फेरी असा सारा खेळ दहा आठवड्यांत आटोपला. दुसऱ्याच्या पासवर जगणारा आघाडीपटू इतक्या तोकड्या मुदतीच्या स्पर्धेसाठी निवडणे हा निर्णयच मुळात महागडा होता, मग मानधनाचा आकडा काहीही असो.

पुण्याने पुढच्या वर्षी रोमानियाचा आद्रियान मुटू आणला, आणि २०१६मध्ये आइसलँडच्या आयदुर गुडजॉन्सनशी करार केला, जो दुखापतीमुळे हंगाम सुरू होण्याआधीच बाद झाला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोकोला घ्यावे लागले. त्रेझेगे, मुटू आणि गुडजॉन्सन हे तिघेही युरोपीय फुटबॉलचे मोठे मानकरी होते आणि तिघेही पस्तिशी ओलांडलेले होते. पण त्या तीन हंगामांत पुणे एकदाही पहिल्या चारांत आले नाही. बाद फेरी पुण्याने प्रथम गाठली ती २०१७-१८मध्ये, मार्कीची सक्ती उठल्यानंतर, मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो या दोन दक्षिण अमेरिकी खेळाडूंच्या बळावर, ज्यांच्यामागे त्रेझेगेसारखे युरोपीय वलय नव्हते. नाव पाहून केलेली निवड आणि गरज पाहून केलेली निवड यांतला फरक एकाच क्लबच्या चार हंगामांत इतका स्पष्ट दिसावा, असे उदाहरण विरळा.

त्रेझेगेमुळे पुण्याचा क्लब बुडाला, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. क्लब २०१९मध्ये बंद पडला तो मालकांच्या आर्थिक अडचणींमुळे, आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. तथापि त्याआधीच्या चार वर्षांत पुण्याने आय-लीगमधील पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स हे तीन क्लबही गमावले होते, आणि त्यामुळे राष्ट्रीय पातळीवर खेळणारा एकही क्लब न उरलेल्या शहरात मोठ्या नावांच्या पोस्टरांची आठवण फार बोचरी होऊन बसते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहायला हजारो लोक जमतात, त्या मातीतून आलेला अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळतो. आणि त्याच्यासारख्या मुलांनी ज्या शहराकडे पाहावे त्या पुण्यात मात्र आज सुपर लीगचा क्लब नाही. ही स्थिती कोणत्याही एका करारापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

मुंबईचा अनुभव संमिश्र आहे. पहिल्या हंगामात मुंबई सिटीने स्वीडनचा फ्रेडी ल्युंगबर्ग आणला, ज्याने २०१२मध्ये निवृत्ती घेतली होती आणि जो भारतात येण्यासाठी पुन्हा मैदानात उतरला. त्याने चार सामने खेळून एकही गोल केला नाही. या निवडीचे समर्थन करणे अवघड आहे, कारण दोन वर्षे स्पर्धात्मक खेळापासून दूर असलेल्या शरीराकडून दहा आठवड्यांच्या धावपळीची अपेक्षा करण्यात प्रथमदर्शनीच चूक होती. परंतु २०१६मध्ये त्याच क्लबने उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला आणले तेव्हा चित्र पालटले. फोर्लान सदतीस वर्षांचा होता, म्हणजे वयाने त्रेझेगेइतकाच. मात्र तो त्याआधी उरुग्वेत पेन्यारोलसाठी नियमित खेळत होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो केवळ गोल करणारा नव्हता, तर मागे येऊन चेंडू घेणारा, दोन्ही पायांनी दूरवरून फटका मारणारा आणि कॉर्नर व फ्री किक घेणारा खेळाडू होता. अशा खेळाडूला सहकाऱ्यांशी जुळवून घ्यायला कमी वेळ लागतो, कारण त्याच्या कसबाचा निम्मा भाग इतरांवर अवलंबून नसतो. अंधेरीच्या मैदानावर १९ नोव्हेंबर २०१६ रोजी केरळ ब्लास्टर्सविरुद्ध मुंबईने पाच गोलांनी सामना जिंकला तेव्हा त्याने पहिल्या पंधरा मिनिटांतच दोन गोल केले आणि उत्तरार्धात हॅट्ट्रिक पूर्ण केली. मुंबईने त्या हंगामात गुणतक्त्यात पहिले स्थान मिळवून प्रथमच बाद फेरी गाठली. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत कोलकात्याविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळाले, मुंबई ती लढत ३-२ अशी हरली आणि त्याच्याविना झालेली परतीची लढत गोलशून्य सुटली. अनुभवी खेळाडूने नेमक्या त्या क्षणी संयम गमावावा हे मुंबईच्या प्रेक्षकांना फार लागले. तरीही ज्या क्लबाने आधी दोन हंगाम मधल्या आणि खालच्या जागांवर काढले होते, त्याला फोर्लानने जे दिले ते पाहता त्याच्यासाठी जास्त मोजले गेले, असे म्हणता येणार नाही.

या साऱ्या चर्चेला खरी कलाटणी देणारे उदाहरण गोव्यात आहे. एफसी गोवाने पहिल्या हंगामात चाळिशी गाठलेला फ्रान्सचा रोबेर पिरेस आणला, ज्याने आठ सामन्यांत एक गोल केला; नंतर ब्राझीलचा विश्वविजेता बचावपटू लुसिओ आला आणि त्याच्या नेतृत्वाखाली गोवा २०१५मध्ये अंतिम फेरीत पोहोचले, पण पुढच्याच वर्षी संघ तळाला गेला. सक्ती उठल्यावर, २०१७मध्ये, क्लबने सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाकडे संघ सोपवला आणि त्याच्या पद्धतीला साजेसे खेळाडू निवडले. त्यांतला एक फेरान कोरोमिनास, ज्याला सारा गोवा ‘कोरो’ म्हणून ओळखू लागला, तेव्हा चौतीस वर्षांचा होता आणि सायप्रसमधल्या एका लहान क्लबाकडून खेळून आला होता. विमानतळावर त्याला पाहायला गर्दी लोटावी असे त्याचे नाव नव्हते. त्याने तीन हंगामांत ५७ सामन्यांत ४८ गोल केले आणि पहिल्या दोन्ही हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान मिळवला.

कोरोचा खेळ जवळून पाहिला तर ‘जास्त मोजणे’ म्हणजे काय, ते अधिक नीट समजते. चौतिसाव्या वर्षी त्याचा वेग काही विलक्षण नव्हता; पण प्रतिस्पर्धी बचावाच्या शेवटच्या दोन खेळाडूंमधल्या फटीत तो ऑफसाइडच्या रेषेवर उभा राही, मधल्या फळीत अहमद जाहू किंवा ब्रँडन फर्नांडिस मान वर करून पाहतो न पाहतो तोच तो धाव सुरू करी, आणि चेंडू पोहोचेपर्यंत गोलरक्षकासमोर एकटा असे. गोव्यातल्या फातोर्ड्यात ९ डिसेंबर २०१७ रोजी केरळविरुद्ध उत्तरार्धाच्या पहिल्या दहा मिनिटांत त्याने तीन गोल केले, आणि त्याआधीच्याच आठवड्यात बंगळूरुविरुद्ध ४-३ अशा जिंकलेल्या सामन्यातही त्याची हॅट्ट्रिक होती. या धावा एकट्या कोरोच्या नव्हत्या. त्या त्याला ओळखणाऱ्या संघाच्या होत्या, आणि तो संघ एका प्रशिक्षकाने एका कल्पनेवर घडवला होता. गोव्याने २०१९मध्ये सुपर कप जिंकला, २०१९-२० हंगामात साखळीत अव्वल स्थान मिळवले आणि त्या बळावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. ती स्पर्धा २०२१मध्ये फातोर्ड्यातच झाली तेव्हा कोरो क्लबमध्ये नव्हता. त्रेझेगे गेल्यावर पुण्यात काय उरले आणि कोरो गेल्यावर गोव्यात काय उरले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतल्या तफावतीला करारातली रक्कम जबाबदार नाही.

वयाचा मुद्दा निकालात काढणारे आणखी एक उदाहरण पुण्याच्या जागी आलेल्या हैदराबादचेच आहे. त्या क्लबने २०२१-२२मध्ये लीग जिंकली तेव्हा नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे सदतीस वर्षांचा होता आणि त्या हंगामात त्याने १८ गोल केले. भारतात येऊन त्याला तेव्हा तीन हंगाम झाले होते. इथले हवामान, इथला प्रवास आणि इथले बचावपटू त्याला ठाऊक होते. पुण्याने ज्या वयाचा आघाडीपटू घेऊन निराशा पदरी घेतली, त्याच वयाच्या आघाडीपटूने त्याच जागेवर आलेल्या क्लबाला विजेतेपद मिळवून दिले.

मार्कीच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद असा, की या नावांमुळेच पहिल्या हंगामात स्टेडियम भरली, दूरचित्रवाणीवर लीग घरोघर पोहोचली आणि क्रिकेटवेड्या देशात फुटबॉलला जागा मिळाली. हा युक्तिवाद खरा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. दिल्लीत आलेल्या अलेस्सांद्रो देल पिएरोने दहा सामन्यांत एकच गोल केला, तरी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेली मुले ते विसरणार नाहीत. मात्र देल पिएरोचेच उदाहरण दुसरी बाजूही दाखवते. भारतात येण्याआधी तो ऑस्ट्रेलियात सिडनी एफसीकडे सदतिसाव्या वर्षी असाच मुक्त खेळाडू म्हणून गेला होता. तिथे त्याला दोन पूर्ण हंगाम मिळाले आणि त्याने ४८ सामन्यांत २४ गोल केले. तोच माणूस, तेच कसब, केवळ दोन वर्षांचे अंतर. परंतु दोन हंगाम आणि दहा आठवडे यांत खेळाडूला संघ सापडणे आणि न सापडणे एवढा फरक पडला. गर्दी खेचण्याचा फायदा साऱ्या लीगला झाला, पण संघात न बसणाऱ्या खेळाडूचा तोटा मात्र ज्या त्या क्लबाच्या गुणतक्त्यावर पडला. चेन्नईयिनच्या एलानोने त्याच पहिल्या हंगामात आठ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, तेव्हा मार्की आणि उपयुक्त खेळाडू एकाच माणसात मिळू शकतात हेही सिद्ध झाले होते. तो तेव्हा तेहतीस वर्षांचा होता.

आणखी एका खर्चाचा उल्लेख क्रीडापानांत क्वचित होतो. लीगच्या सुरुवातीला एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत होते. ती संख्या २०१७-१८पासून पाच आणि २०२१-२२पासून चार झाली. भारतीय खेळाडूंना संधी मिळावी यासाठी हा बदल योग्यच होता, पण त्यामुळे परदेशी खेळाडूची प्रत्येक जागा पूर्वीपेक्षा फार मोलाची झाली आहे. सहांतला एक परदेशी खेळाडू निष्प्रभ ठरला तर संघ तो भार वाहून नेऊ शके. चारांतला एक निष्प्रभ ठरला, की संघाच्या परदेशी ताकदीचा चौथा हिस्सा वाया जातो. मानधन कमी केले म्हणून ही किंमत कमी होत नाही. अर्ध्या पगारात मिळालेला पण तासाभरानंतर दमणारा मध्यरक्षक पूर्ण पगाराच्या तरुणापेक्षा महाग पडू शकतो, आणि निवडीच्या बैठकीत कोणीतरी हे उच्चारले पाहिजे.

आपल्याकडे हे सारे अंदाजानेच मांडावे लागते, कारण क्लब करारांचे आकडे अधिकृतपणे जाहीर करीत नाहीत. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये २००७ साली डेव्हिड बेकहॅमच्या आगमनाच्या वेळी आपल्या मार्कीसारखाच वेतनमर्यादेला अपवाद करणारा नियम झाला, परंतु तिथे खेळाडूंची संघटना प्रत्येक खेळाडूचे मानधन नावानिशी प्रसिद्ध करते आणि त्यामुळे अमुक क्लबाने जास्त मोजले की नाही याची चर्चा वस्तुस्थितीवर उभी राहते. आपल्या लीगमध्ये हीच चर्चा कुजबुजीवर चालते, ज्यात खेळाडूचीही बदनामी होते आणि क्लबाचीही. जुलै २०२५मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या कराराचे नूतनीकरण रखडल्याने हंगाम रोखला गेला आणि त्यानंतर काही क्लबांनी खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा या अपारदर्शकतेची झळ थेट घराघरांत पोहोचली. मैदान राखणारे, गणवेश धुणारे, वयोगटांतल्या मुलांना शिकवणारे प्रशिक्षक यांना आपले वेतन कोणत्या खर्चाच्या खालोखाल येते हे कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून आपणांस विनंती अशी, की यापुढे पस्तिशी ओलांडलेल्या कोणत्याही मुक्त खेळाडूशी करार करताना त्याची निवड मुख्य प्रशिक्षकाच्या लेखी मागणीवरून व्हावी आणि विपणन विभागाला त्या निर्णयात फक्त सल्ल्यापुरते स्थान असावे. त्याने मागच्या अठरा महिन्यांत किती मिनिटे स्पर्धात्मक सामने खेळले हे पाहिल्याशिवाय बोलणी पुढे जाऊ नयेत. मानधनाचा ठरावीक वाटा खेळलेल्या मिनिटांशी जोडला जावा, म्हणजे गुडजॉन्सनसारखी दुर्दैवी दुखापत झाल्यास खेळाडू आणि क्लब दोघांचे नुकसान वाटून घेता येईल. करार शक्यतो दोन हंगामांचा असावा. आणि त्याचा एकूण खर्च, सही-बोनस व एजंटाच्या शुल्कासह, हंगामाच्या अखेरीस क्लबच्या प्रेक्षकांसमोर ठेवला जावा. एका गोष्टीवर मात्र कोणतीही तडजोड होऊ नये : मोठ्या नावासाठी लागणारा पैसा अकादमीच्या, म्हणजे वयोगटांतील मुलांच्या प्रशिक्षणाच्या, तरतुदीतून कधीही वळवला जाऊ नये.

पुण्याला पुन्हा सुपर लीगचा क्लब मिळावा, अशी इच्छा बाळगणारे प्रेक्षक बालेवाडीच्या आसपास आजही आहेत आणि कोल्हापूर, सांगली, नागपूरहूनही ते येतील. आपल्यापैकी कोणी तो क्लब उभा करण्याचे मनावर घेतल्यास पहिल्या पत्रकार परिषदेत खेळाडूच्या आधी प्रशिक्षकाचे आणि अकादमीच्या प्रमुखाचे नाव जाहीर करावे, आणि सदतीस वर्षांचा एखादा गुणी आघाडीपटू घ्यायचाच असेल तर तो त्या दोघांनी मागितल्यावर घ्यावा. तसे झाले तर त्याला पाहायला पुणेकर येतीलच, आणि त्याच्या मानधनाबद्दल कोणी तक्रार करणार नाही.

कळावे,
महाराष्ट्र व गोव्यातील फुटबॉलप्रेमींच्या वतीने